बिल नसलेला जुना मोबाइल मुलीसाठी घेतला आहे; तो चोरीचा नाही याची खात्री कशी करावी?

कोयनाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी कराडजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. मुलगी यंदा बारावी उत्तीर्ण झाली असून पुढील शिक्षणासाठी पुण्याला जाणार आहे. तिच्यासाठी मागच्या आठवड्यात एका दुकानातून वापरलेला मोबाइल ८,५०० रुपयांना घेतला. पैसे यूपीआयने दिले. पक्के बिल मागितले तेव्हा जुन्या मालाला बिल नसते असे सांगून दुकानदाराने शिक्का मारलेल्या एका चिठ्ठीवर मॉडेलचे नाव आणि रक्कम एवढेच लिहून दिले. मोबाइलसोबत खोका मिळाला आहे, मात्र तो कोणी आणि कधी विकला याची काहीही माहिती माझ्याजवळ नाही. खरेदी करताना मला त्यात काही वावगे वाटले नाही.

परवा शेजारच्या काकांना एक फोन आला. बोलणाऱ्याने आपण दुसऱ्या जिल्ह्यातील पोलीस ठाण्यातून बोलत असल्याचे सांगितले आणि काकांच्या हातातील मोबाइल चोरीला गेलेला असून तो जमा करावा, असे कळवले. काकांनीही तो असाच, बिलाशिवाय घेतला होता. ते इतके घाबरले आहेत की सिमकार्ड काढून मोबाइल कपाटात ठेवला आहे आणि त्या क्रमांकावरून आलेले पुढचे फोन ते उचलत नाहीत. तेव्हापासून मलाही झोप नाही. मुलगी परगावी एकटी असताना तिला असा फोन आला तर ती काय करील, हा विचार मनातून जात नाही.

माझे प्रश्न असे आहेत. घेतलेला मोबाइल चोरीचा आहे की नाही हे सामान्य माणसाला घरबसल्या कसे तपासता येते? तो चोरीचा निघाला तर आमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो का? दुकानदाराला परत देऊन पैसे मागावेत, की पोलिसांकडे जावे? मला पैशांपेक्षा अधिक चिंता याची आहे की दुसऱ्या कोणाची तरी हरवलेली वस्तू आमच्या घरात असू नये.

सर्किट (उत्तर)

ताई, मी १४ वर्षे मोबाइल दुरुस्तीच्या व्यवसायात आहे, त्यामुळे तपासणीचा भाग मी सांगतो. कायद्याविषयी जाणकारांनी लिहावे.

प्रत्येक मोबाइलला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो आणि दोन सिमच्या मोबाइलला असे दोन क्रमांक असतात. फोन करण्याच्या पडद्यावर *#०६# दाबले की ते दिसतात. ते वहीत लिहून घ्या आणि खोक्यावरच्या क्रमांकांशी एकेक अंक ताडून पाहा. काही मोबाइलमध्ये सिम बसवण्याच्या पट्टीवरही क्रमांक छापलेला असतो, तोही पाहा. मोबाइलच्या आतील क्रमांक आणि खोक्यावरचा क्रमांक वेगळा असेल तर खोका दुसऱ्या मोबाइलचा आहे, किंवा मदरबोर्ड (मोबाइलच्या आतील मुख्य पट्टी) बदललेला आहे, किंवा क्रमांकात फेरफार केलेला आहे. पहिल्या दोन गोष्टी प्रामाणिक व्यवहारातही घडतात. आमच्याकडे खोके ढिगाने पडलेले असतात आणि ग्राहकाला बरे वाटावे म्हणून काही दुकानदार त्याच मॉडेलचा कुठलाही खोका देतात. ही पद्धत चुकीची आहे आणि ती बंद व्हायला हवी. म्हणून केवळ खोका मिळाला यावर समाधान मानू नका.

यानंतर मेसेज लिहिण्याच्या जागी के, वाय, एम ही तीन इंग्रजी अक्षरे, मग एक मोकळी जागा आणि पुढे १५ अंकी क्रमांक लिहून तो मेसेज १४४२२ या क्रमांकावर पाठवा. हीच सोय दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर आणि ॲपमध्येही आहे. उत्तरात कंपनीचे आणि मॉडेलचे नाव येते, कारण आयएमईआयचे पहिले आठ अंक मॉडेल दर्शवतात. हातातला मोबाइल एका कंपनीचा आणि उत्तरात नाव दुसऱ्याच कंपनीचे, असे झाले तर क्रमांक बदललेला आहे असेच समजावे. क्रमांक काळ्या यादीत, म्हणजे बंद केलेल्या मोबाइलच्या यादीत आहे, किंवा तोच क्रमांक एकाहून अधिक मोबाइलवर आढळला आहे, असे उत्तर आले तर तो मोबाइल वापरू नका. दोन क्रमांक असतील तर दोन्ही स्वतंत्रपणे तपासावेत, कारण बहुतेक लोक एकच तपासून थांबतात.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगतो. क्रमांक योग्य असल्याचे उत्तर आले म्हणजे मोबाइल चोरीचा नाही असे सिद्ध होत नाही. मूळ मालकाने तक्रार करून तो अजून बंद करून घेतलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. प्रवासात मोबाइल गेलेला माणूस घरी पोहोचतो, त्याच क्रमांकाचे नवे सिम घेतो, पोलिसांत तक्रार देतो आणि मग त्या तक्रारीच्या प्रतीसह सीईआयआर या केंद्रीय नोंदवहीकडे विनंती करतो. यात काही दिवस सहज जातात आणि तेवढ्यात मोबाइल दोन हात बदललेला असतो. म्हणून पंधरा दिवसांनी आणि महिन्याने तोच मेसेज पुन्हा पाठवा.

ही नोंदवही सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतून, महाराष्ट्र आणि गोव्याच्या दूरसंचार मंडळासाठी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि मे २०२३ पासून ती देशभर लागू आहे. तीत बंद केलेला मोबाइल भारतात कोणत्याही कंपनीच्या सिमवर चालत नाही. वाय-फायवर मात्र तो चालतो. त्यामुळे दुकानात वाय-फाय जोडून व्हिडिओ दाखवला म्हणजे मोबाइल चांगला आहे असे समजू नये. स्वतःचे सिम घालून, फोन लावून आणि घेऊन पाहावा.

आणखी एक खूण आहे. सेटिंगमधून सर्व माहिती पुसून मोबाइल नव्याने सुरू केल्यावर तो आधीच्या मालकाच्या गूगल किंवा ॲपल खात्याचा पासवर्ड मागू लागला, तर विकणाऱ्याने आपले खाते काढलेले नाही. खरा मालक दोन मिनिटांत ते काढून देतो. जो देऊ शकत नाही, त्याला हा मोबाइल कोठून मिळाला हे विचारलेच पाहिजे. असे कुलूप तोडून देणाऱ्या दुकानांकडे तर जाऊच नका.

कृपया आपला आयएमईआय क्रमांक येथे लिहू नका आणि त्याचे छायाचित्रही टाकू नका. असे क्रमांक उचलून दुसऱ्या मोबाइलवर बसवले जातात.

वकील_सांगली (उत्तर)

कोयनाकाठ ताई, आपण विचारलेल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार चोरीची मालमत्ता, ती चोरीची असल्याचे माहीत असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना, अप्रामाणिकपणे स्वीकारणे किंवा जवळ ठेवणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ मध्ये होती. यातील ‘माहीत असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना’ हे शब्द आपल्यासाठी महत्त्वाचे आहेत. उघड दुकानातून, वाजवी किमतीला, बँकेच्या नोंदीत दिसेल अशा पद्धतीने पैसे देऊन मोबाइल घेणारी व्यक्ती आणि रात्री बसस्थानकावर २०,००० रुपयांचा मोबाइल २,००० रुपयांना घेणारी व्यक्ती यांच्याकडे कायदा एकाच दृष्टीने पाहत नाही. आपला यूपीआयचा व्यवहार आणि शिक्क्याची चिठ्ठी हा आपल्या प्रामाणिकपणाचा पुरावा आहे. दोन्ही जपून ठेवा, चिठ्ठीचे छायाचित्र काढा आणि ज्या दिवशी तपासणी केली त्या दिवशीचे १४४२२ वरून आलेले उत्तरही पुसू नका.

मात्र तपासणीत मोबाइल काळ्या यादीत असल्याचे समजल्यावर परिस्थिती बदलते. त्या क्षणापासून ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणता येत नाही. त्यामुळे तो वापरत राहणे, तिसऱ्याला विकणे किंवा क्रमांक बदलून घेण्यासाठी कोणाकडे देणे, यांपैकी काहीही करू नये. दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम ४२ नुसार मोबाइलच्या ओळख क्रमांकात फेरफार करणे, तसेच फेरफार झाल्याचे माहीत असून असे उपकरण जवळ बाळगणे, यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शेकडो रुपयांत ‘नंबर बदलून देतो’ असे सांगणारे लोक या शिक्षेचा उल्लेख कधीही करत नाहीत.

दुकानदाराला परत द्यावा का, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. तपासणीत दोष आढळला नाही आणि केवळ कागदपत्रे अपुरी आहेत, तर दुकानदाराकडे जाऊन आयएमईआय क्रमांक, तारीख आणि त्याची सही असलेली पावती मागावी, आणि तो देत नसेल तर मोबाइल परत करून पैसे घ्यावेत. परंतु मोबाइल काळ्या यादीत आढळला, तर तो दुकानदाराच्या हाती परत देऊ नये, कारण मग तो पुढच्या ग्राहकाच्या गळ्यात जातो आणि मूळ मालकाला तो मिळण्याची वाट बंद होते. अशा वेळी मोबाइल बंद करून, दोन ओळींच्या लेखी अर्जासह जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करावा आणि त्याची पोच घ्यावी. पैशांसाठी दुकानदारावर आपला दावा राहतोच. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १४ नुसार आपल्याला विक्रीचा अधिकार आहे अशी हमी विक्रेत्याने दिलेली असते असे कायदा गृहीत धरतो, आणि कलम २७ नुसार ज्याची मालकीच नाही त्याच्याकडून सामान्यतः ग्राहकालाही मालकी मिळत नाही. थोडक्यात, चोरीचा मोबाइल पैसे देऊन घेतला तरी तो आपला होत नाही, आणि दिलेली रक्कम मात्र विक्रेत्याकडून मागता येते. जुने मोबाइल खरेदी-विक्री करणाऱ्यांनी व्यवहारापूर्वी केंद्रीय नोंदीत आयएमईआय तपासावा, अशी तरतूद २०२५ मध्ये दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांत दुरुस्ती करून आणली गेली आहे, त्याचाही आधार बोलताना घेता येईल.

शेजारच्या काकांविषयी काळजीपूर्वक सांगतो. तो फोन खरा असू शकतो. बंद केलेल्या मोबाइलमध्ये कोणीही सिम घातले की त्याची नोंद यंत्रणेकडे होते आणि ज्याच्या नावे सिम आहे त्याच्याशी पोलीस संपर्क साधतात. तेव्हा फोन न उचलणे हा मार्ग नाही, त्याने प्रामाणिक माणूसही संशयास्पद दिसू लागतो. परंतु तो फोन बनावटही असू शकतो. पैसे भरून प्रकरण मिटवण्याची भाषा, व्हिडिओ कॉलवर बसून राहण्याचा आग्रह, बँकेची माहिती किंवा ओटीपीची मागणी, यांपैकी काहीही झाले तर फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच असतील तर विनाविलंब सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर कळवावे. खऱ्या तपासात लेखी नोटीस येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालील, पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपसारख्या माध्यमातून बजावू नये, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिले आहेत. त्याच संहितेच्या कलम १७९ नुसार महिलांना आणि ६० वर्षांवरील पुरुषांना साक्षीदार म्हणून त्यांच्या राहत्या ठिकाणाखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. आपल्या मुलीला ही एक गोष्ट अवश्य सांगून ठेवा. काकांनी त्या अधिकाऱ्याचे नाव, पोलीस ठाणे आणि तक्रारीचा क्रमांक विचारून घ्यावा, ते ठाणे खरोखर आहे का हे त्याच्या अधिकृत दूरध्वनीवर पडताळावे आणि मोबाइल अनोळखी पत्त्यावर कुरिअरने न पाठवता गावच्या ठाण्यामार्फत सुपूर्द करावा.

वसईकर (उत्तर)

मी या प्रकरणाच्या दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, म्हणून लिहितो आहे.

दीड वर्षापूर्वी सकाळच्या लोकलमध्ये चढताना माझा मोबाइल गेला. मोबाइलची किंमत फार नव्हती, पण आईच्या शेवटच्या आजारपणातील छायाचित्रे आणि तिच्या आवाजातील चार-पाच संदेश त्यात होते. त्यांची प्रत मी कोठेही ठेवली नव्हती, आणि ही चूक माझी होती. त्याच दिवशी रेल्वे पोलिसांत तक्रार दिली, दुसऱ्या दिवशी त्याच क्रमांकाचे सिम घेतले आणि तक्रारीची प्रत जोडून मोबाइल बंद करण्याची विनंती नोंदवली. जुने बिल ई-मेलमध्ये सापडले, त्यावर आयएमईआय होता, म्हणून हे शक्य झाले. मोबाइल बंद केला तर त्याचा माग कसा लागणार, अशी शंका मला होती, परंतु बंद केल्यानंतरही तो सिम घालून वापरण्याचा प्रयत्न झाला की पोलिसांना कळते, हे मला तेव्हा समजले.

सात महिन्यांनी पोलिसांचा फोन आला. मराठवाड्यातील एका शेतकऱ्याने तो आठवडी बाजारात विकत घेतला होता. सिम चालेना म्हणून त्याने गावातल्या मुलाकडून क्रमांक तपासून घेतला आणि तो काळ्या यादीत असल्याचे कळताच स्वतःहून पोलीस ठाण्यात नेऊन दिला. न्यायालयाच्या आदेशाने सुपूर्दनाम्यावर (वस्तू ताब्यात मिळाल्याच्या कागदावर) सही करून मला मोबाइल परत मिळाला. त्यातील बहुतेक माहिती पुसली गेली होती. तरीही मेमरी कार्ड जागेवर होते आणि त्यात आईची अकरा छायाचित्रे होती. आवाज मात्र गेला.

त्या शेतकऱ्याला मी फोन करून त्यांचे पैसे देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. ताई, आपल्या मनात आलेली चिंता त्यांच्या मनात आली म्हणून ती अकरा छायाचित्रे आज माझ्या घरी आहेत. आपण अवश्य तपासा, आणि शेजारच्या काकांनाही सांगा की तो फोन खरा असेल तर पलीकडे कोणीतरी वाट पाहत आहे.

कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काय घडले ते सविस्तर लिहिते.

दोन्ही क्रमांक १४४२२ वर पाठवले. दोन्हींचे उत्तर योग्य असल्याचे आले आणि कंपनी व मॉडेलही जुळले. परंतु खोक्यावरचे क्रमांक मात्र पूर्णपणे वेगळे निघाले. तेव्हा वकील साहेबांनी सांगितल्याप्रमाणे यजमानांना सोबत घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने सुरुवातीला टाळाटाळ केली, पण कायद्यातील तरतूद आणि व्यवहाराची नोंद दाखवल्यावर त्याने कबूल केले की खोका दुसऱ्या मोबाइलचा आहे. त्याच्याकडे विकणाऱ्याची वही होती आणि त्यात एका तरुणाचे नाव होते. त्याला आमच्यासमोर बोलावून घेतले. त्याने मोबाइल ऑनलाइन घेतला होता आणि त्याच्या ई-मेलमधील बिलावर छापलेला आयएमईआय आमच्या मोबाइलशी जुळला. त्या बिलाची प्रत, त्या तरुणाच्या सहीचा विक्रीचा कागद आणि क्रमांकांसह दुकानाची पावती, अशी तीन कागदपत्रे आता माझ्याजवळ आहेत. पंधरा दिवसांनी पुन्हा मेसेज पाठवणारच आहे.

काकांना आलेला फोन खरा निघाला. आमच्या ठाण्यातील हवालदारांनी संबंधित ठाण्याच्या अधिकृत क्रमांकावर पडताळणी करून दिली. काकांनी काल मोबाइल जमा केला, त्यांचा जबाब घेतला गेला आणि त्यांना पोच मिळाली. त्यांच्याशी कोणी वाकडे बोलले नाही. वसईकरांचे उत्तर मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवले होते, त्यानंतरच ते ठाण्यात यायला तयार झाले.

आता दोन लहान शंका आहेत. मुलीला १८ वर्षे पूर्ण होण्यास अजून तीन महिने आहेत, तेव्हा सिम कोणाच्या नावे घ्यावे? आणि माझा स्वतःचा जुना मोबाइल विकायचा आहे, तर त्या वेळी मी काय काळजी घ्यावी?

सर्किट

ताई, १८ वर्षांखालील व्यक्तीच्या नावे सिम मिळत नाही, म्हणून तूर्त ते आपल्या नावे घ्या आणि तीन महिन्यांनी तिच्या नावे करून घ्या. त्या सिमवरून जे काही होईल त्याची पहिली विचारणा ज्याच्या नावे ते आहे त्याच्याकडे होते, आणि तिलाही स्वतःच्या नावाच्या क्रमांकाची किंमत त्यातूनच कळेल. आपल्या नावावर एकूण किती क्रमांक चालू आहेत हे ‘संचार साथी’वर एकदा पाहून घ्या. महाराष्ट्रात एका व्यक्तीला नऊपर्यंत सिम घेता येतात, पण आपण न घेतलेले एकही त्या यादीत दिसले तर तेथेच ‘हा क्रमांक माझा नाही’ अशी नोंद करता येते.

जुना मोबाइल विकताना आधी आपली छायाचित्रे आणि संपर्क दुसरीकडे उतरवून घ्या. मग यूपीआय आणि बँकेची ॲप बंद करा, गूगल खाते काढा, सिम आणि मेमरी कार्ड बाहेर काढा आणि शेवटी सेटिंगमधून सर्व माहिती पुसा. खाते आधी न काढता माहिती पुसली, तर घेणाऱ्याला आपला पासवर्ड लागू शकतो. घेणाऱ्याच्या सहीचा कागद दोन प्रतींत करा, त्यावर दोन्ही आयएमईआय, तारीख आणि वेळही लिहा. मूळ बिल सापडले तर त्याची प्रत घेणाऱ्याला द्या आणि मूळ बिल स्वतःजवळ ठेवा.